पोरकी पिल्ले वाढवताना

शाळेच्या जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या ढिगाऱ्यात, कौलारू घराच्या माळ्यावर किंवा एखाद्या बंद दुकानाच्या फळीमागे मांजराची पिल्ले सापडणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. मांजरीचे माजावर येणे दिवसाच्या लांबीशी जोडलेले असते. थंड देशांत हिवाळ्यातील दिवस फार आखूड असल्यामुळे तेथे पिल्लांचा ठरावीक हंगाम असतो. आपल्याकडे दिवसाची लांबी वर्षभरात फारशी बदलत नाही, त्यामुळे पिल्लेही जवळजवळ वर्षभर दिसतात. मुले ती उचलतात, चपलांच्या खोक्यात घालून वर्गात आणतात आणि विचारतात, "बाई, यांना दूध देऊ?"

या प्रश्नाचे उत्तर पहिल्या तासापुरते तरी "नाही" असे आहे. ते का, हे नीट समजून घेतले तर शरीरक्रियाशास्त्राचे दोनतीन धडे आपोआप होऊन जातात. समजून न घेतले तर पिल्लू बहुधा दोनतीन दिवसांत दगावते, आणि ज्या मुलाने ते इतक्या मायेने आणलेले असते त्याला त्याचे कारण कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात आपण एका कामाचा विचार करणार आहोत. सापडलेले पिल्लू कायमचे न पाळता, त्याला चांगले घर मिळेपर्यंत सात-आठ आठवडे सांभाळायचे. हे काम अनेक शहरांत हौशी मंडळी गाजावाजा न करता करीत असतात. ते एखाद्या शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या घरीही होऊ शकते. वर्गात मात्र नाही, कारण लहान पिल्लाला रात्री दोन वाजता भूक लागते आणि शाळा पाच वाजता बंद होते.

पिल्लू खरेच पोरके आहे का?

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडून दिला तर हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. जागा असुरक्षित वाटली, तेथे फार घाण झाली किंवा माणसांचा वावर वाढला की मांजरी पिल्ले एकेक करून दुसरीकडे नेते. चार पिल्लांपैकी दोन हलवून झाली असताना आपण तेथे पोहोचलो, तर उरलेली दोन आपल्याला पोरकी वाटतात. शिवाय मांजरीला स्वतःचे पोट भरण्यासाठी काही तास बाहेर राहावेच लागते.

म्हणून आधी पाहायचे ते पिल्लाकडे. पोट गोल, अंग स्वच्छ आणि पिल्ले एकमेकांना बिलगून शांत झोपलेली असतील, तर आई आहे. अंग मळलेले, पोट खपाटीला गेलेले आणि रडणे थांबत नसेल, तर शंका घ्यावी. पाऊस, मुंग्या, कुत्री किंवा रहदारी यांचा धोका नसेल, तर चारसहा तास लांबून लक्ष ठेवावे. अगदी लांबून, कारण आपण समोर उभे राहिलो तर ती येणार नाही. पिल्लांभोवती पिठाची रेघ ओढून ठेवायची आणि सकाळी पावलांचे ठसे पाहायचे, अशी एक युक्ती आहे. आपल्याकडे पिठाला मुंग्या लागतात, म्हणून आम्ही रांगोळी वापरतो. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लांना टाकते, हा समज मात्र खरा नाही. फार तर ती त्यांची जागा बदलते.

ग्रामीण भागातील शिक्षकांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ही पिल्ले घरगुती मांजराचीच आहेत ना? ऊसतोडणीच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातील फडांमध्ये रानमांजराची, वाघाटीची आणि बिबट्याचीही पिल्ले सापडतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मार्जारजातींपैकी एक. तिचे पिल्लू पाहून ते घरच्या मांजराचे नाही हे सहज ओळखू येत नाही. या साऱ्या जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. ती घरी आणणे गुन्हा तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते अनावश्यक असते. जुन्नर परिसरात वनखाते आणि माणिकडोह येथील बिबट्या निवारण केंद्रातील मंडळी अशी पिल्ले तपासून, संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवून देतात आणि बहुतेक वेळा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. शेतात पिल्ले दिसली तर हात न लावता, तेवढ्या पट्ट्यातील तोडणी थांबवून वनखात्याला कळवणे हेच करावे.

वय ओळखणे

पिल्लाला काय लागते हे त्याच्या वयावर अवलंबून असते आणि वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. नाळेचा वाळलेला तुकडा पोटाला असेल तर ते जास्तीत जास्त चारपाच दिवसांचे आहे. डोळे मिटलेले आणि कान डोक्याला चिकटलेले असतील तर आठवड्याच्या आसपासचे. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान ताठ उभे राहू लागतात आणि पुढचे बारीक दात हिरड्यांतून डोकावतात, चौथ्यात सुळे येतात, पाचव्या-सहाव्यात दाढा. जन्मतः सगळ्यांचे डोळे निळे असतात. कायमचा रंग सहा-सात आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतो. दुधाचे दात एकूण २६, कायमचे ३०. हे दात मोजायला मुलांना फार आवडते, पण पिल्लू चावण्याच्या वयात आले की तो नाद सोडावा.

दुधाआधी ऊब

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते. मोठ्या मांजराचे चार किलो धरू, म्हणजे चाळीसपट. पण पृष्ठफळ चाळीसपट वाढत नाही. आकार तसाच ठेवून वजन चाळीसपट केले तर पृष्ठफळ सुमारे बारापटच होते. (चाळीसचे घनमूळ काढून त्याचा वर्ग करावा, नववीच्या मुलांना हे जमते.) याचा अर्थ, दर ग्रॅम वजनामागे पिल्लाची कातडी मोठ्या मांजराच्या साडेतीनपट असते. उष्णता निर्माण होते ती वजनाच्या प्रमाणात आणि बाहेर जाते ती कातडीतून. पिल्लू निवते ते या हिशेबाने.

त्यात भर म्हणजे पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. कुडकुडणे म्हणजे स्नायू थरथरवून उष्णता तयार करणे. ती यंत्रणा अजून तयार झालेली नसते. मोठ्या मांजराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, नवजात पिल्लाचे ३५ ते ३७ आणि तेही आईच्या अंगाची ऊब असेल तरच. भावंडांचा ढीग करून झोपणे हा यावरचा उपाय आहे. ढिगामुळे सगळ्यांचे मिळून उघडे पृष्ठफळ कमी होते. एकटे सापडलेले पिल्लू म्हणूनच जास्त धोक्यात असते.

थंड पडलेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ थांबते आणि गिळण्याची प्रतिक्रियाही मंदावते. अशा वेळी तोंडात घातलेले दूध पोटात गेले तर तसेच राहून आंबते आणि श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. पहिल्या तासात दूध द्यायचे नाही ते यासाठी. पिल्लाचे तोंड आणि पंजे आपल्या बोटाला गार लागत असतील, तर आधी त्याला शर्टाच्या आत छातीशी धरावे आणि सावकाश, तासाभरात, उबदार होऊ द्यावे. घाईघाईने निखाऱ्याजवळ किंवा गरम पाण्यात धरू नये.

मग खोके. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवतीची हवा ३० ते ३२ अंशांची असावी, तिसऱ्या आठवड्यापर्यंत २७ च्या आसपास चालते आणि पुढे घरातले नेहमीचे तापमान पुरते. मे महिन्यात विदर्भात हा प्रश्नच नसतो, तेथे उलट सावली शोधावी लागते. पण डिसेंबरातल्या नाशिकात किंवा जुलैतल्या महाबळेश्वरात तो जिवावरचा ठरतो. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नकोसे झाले की पिल्लाला दुसरीकडे सरकता येते. पूर्वी खोक्यावर चाळीस वॅटचा दिवा टांगत असत. तो सल्ला आजही कानावर येतो, पण एलईडी दिव्याला ऊब जवळजवळ नसते, हे सांगणारा ते सांगायला विसरतो. तापमापक नसला तरी पिल्लेच तापमान सांगतात. एकमेकांवर चढून घट्ट ढीग केला असेल तर गार आहे, लांब लांब पसरून रडत असतील तर गरम.

कोणते दूध, किती दूध

आपल्याकडे मांजर आणि दूध ही जोडी इतकी पक्की आहे की गाईचे दूध पिल्लाला चालत नाही म्हटले की लोकांना ते पटत नाही. म्हणून आकडेच मांडू.

शंभर ग्रॅम वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण २० किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्याच्या जठरात एका वेळी चार-पाच मिलिलिटर दूध मावते. मांजरीच्या दुधात प्रथिने सुमारे ७ टक्के, दुग्धशर्करा सुमारे ४ टक्के आणि एका मिलिलिटरमध्ये ऊर्जा ढोबळमानाने एक किलोकॅलरी. म्हणजे दिवसाला २० मिलिलिटर पुरले. त्यातून १.४ ग्रॅम प्रथिने मिळाली आणि ०.८ ग्रॅम दुग्धशर्करा पोटात गेली.

आता गाईचे दूध घेऊ. प्रथिने ३.३ टक्के, दुग्धशर्करा ४.८ टक्के, ऊर्जा ०.६५ किलोकॅलरी. तेवढीच ऊर्जा मिळवायला पिल्लाला ३१ मिलिलिटर प्यावे लागेल. तरीही प्रथिने मिळाली जेमतेम एक ग्रॅम आणि दुग्धशर्करा गेली दीड ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ही जास्तीची शर्करा न पचता आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि हगवण लागते. शंभर ग्रॅमच्या जिवाला हगवण म्हणजे काही तासांत शरीर कोरडे पडणे. पाणी घालून दूध पातळ केले की हे सगळे आणखी बिघडते, आणि आपल्याकडे नेमके तेच करतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असल्याने ऊर्जेचा प्रश्न सुटतो, पण प्रथिने ४ टक्क्यांच्या आसपासच. शेळीचे दूध या बाबतीत गाईच्या दुधापेक्षा फार वेगळे नाही, त्याची ख्याती काहीही असो.

मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दूधभुकटी पशुवैद्यांकडे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते, ती वापरावी. महाग असते हे खरे. ती मिळेपर्यंत एखादा दिवस निभावण्यासाठी ९० मिलिलिटर गाईच्या दुधात एका अंड्याचा पिवळा बलक घुसळून देण्याची पद्धत आहे. याचाही हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. बलक १७ ग्रॅम, त्यात प्रथिने १६ टक्के आणि स्निग्ध पदार्थ २७ टक्के असे धरले तर मिश्रणात प्रथिने सव्वापाच टक्के येतात. सुधारणा झाली, तरी मांजरीच्या दुधाची बरोबरी नाहीच. कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाची भीती असते ती वेगळी.

जवळपास कोणाकडे नुकतीच व्यालेली मांजरी असेल तर यांतले काहीच करावे लागत नाही. मांजरी परकी पिल्ले बरेचदा सहज स्वीकारतात. अनेकदा दोन मांजरी आपापली पिल्ले एकत्र करून पाजतानाही दिसतात. आमच्या मते दूधभुकटी शोधण्याआधी अशी दाई शोधावी.

पाजताना पिल्लू पालथेच असले पाहिजे, आईच्या पोटाशी असते तसे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजणे हे पिल्ले दगावण्याचे एक नेहमीचे कारण आहे, कारण तसे धरले की दूध श्वासनलिकेत उतरते. बारीक बुचाची बाटली किंवा सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज घ्यावी, थेंब थेंब सोडावा आणि पिल्लाने स्वतः चोखू द्यावे. ड्रॉपरने पिचकारी मारू नये. दूध आपल्या मनगटावर कोमट लागेल इतके असावे. पहिल्या आठवड्यात दर दोनतीन तासांनी, दुसऱ्यात तीनचार तासांनी, तिसऱ्यात पाच तासांपर्यंत चालते. रात्रीसुद्धा. घरात दोघे असले तर पाळ्या लावाव्यात, एकट्याने हे पंधरा दिवस चालवणे अवघड जाते.

आणि दूध पाजून काम संपत नाही. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई शेपटीखालचा भाग चाटते तेव्हाच ती प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. ही सोय मोठी हुशारीची आहे. आई ते सगळे चाटून स्वच्छ करते, म्हणून घरटे कोरडे राहते आणि वास पसरून शत्रूला सुगावा लागत नाही. आपण कोमट पाण्यात भिजवलेला कापूस प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर हलक्या हाताने फिरवायचा. हे माहीत नसल्यामुळे, उत्तम दूध मिळूनही, पोट फुगून मेलेली पिल्ले आमच्या पाहण्यात आहेत.

वजनाची वही

स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ ही ठीक चाललेल्या पिल्लाची खूण. दोन आठवड्यांच्या आत वजन दुप्पट व्हायला हवे. नंतर आठवड्याला साधारण १०० ग्रॅम. चोवीस तासांत वजन वाढले नाही तर डोळ्यांना काही दिसत नसले तरी काहीतरी बिघडलेले असते, आणि घटले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. या वयात एक दिवस थांबून पाहू म्हणणे परवडत नाही. आलेख काढणे, दोन भावंडांचे उतार ताडून पाहणे, सरासरी, टक्केवारी हे सारे या वहीतून शिकवता येते आणि विद्यार्थी ते आकडे कधी विसरत नाहीत.

काही आलेख मध्येच थांबतात. सगळे नीट करूनही काही पिल्ले जातात. विशेषतः ज्यांना जन्मानंतर आईचे पहिले दूध, म्हणजे चीक, मिळालेला नाही. आईच्या प्रतिपिंडांचा मोठा वाटा पिल्लाला चिकातून मिळतो आणि आतड्याची ती प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर एका दिवसाच्या आत संपते. नंतर कितीही चांगले दूध दिले तरी ती भरपाई होत नाही. हे मुलांना सांगावे, आणि पिल्लू "देवाघरी गेले" एवढ्यावर न थांबता सांगावे. ज्या मुलाने रात्री उठून पाजले आहे त्याला खरे कारण कळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या हातून काही राहिले का, हा प्रश्न त्याच्या मनात घोळत असतो.

वास, डोळे आणि माणसे

डोळे उघडण्याआधी पिल्लाचे जग वासाचे आणि स्पर्शाचे असते. अमेरिकन शास्त्रज्ञ जे रोझेनब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात आईसह राहणाऱ्या पिल्लांचे प्रयोग केले. पिल्लू घरट्यापासून थोडे दूर ठेवले तर ते वासाच्या आधाराने सरपटत परत येई. घरट्याची जमीन धुऊन टाकली की ते गोंधळून रडत राही. आपल्यासाठी यातला बोध व्यवहाराचा आहे. खोक्यातील सगळी फडकी एकाच वेळी धुवू नयेत. एक जुने फडके ठेवावे, बाकीची बदलावीत.

डोळे उघडले की वेगळी काळजी लागते. भटक्या पिल्लांमध्ये विषाणूंमुळे होणारी सर्दी आणि डोळे येणे अतिशय सामान्य आहे. पापण्या पुवाने चिकटून बसतात. कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने त्या दिवसातून चारपाच वेळा मोकळ्या करणे आणि पशुवैद्याचे औषध घालणे, याला पर्याय नाही. प्रश्न केवळ आजाराचा नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६३ साली मांजराच्या पिल्लांवरील जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत असे दिसले की पहिल्या तीन महिन्यांत एक डोळा बंद ठेवला, तर नंतर तो उघडूनही त्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. डोळा शाबूत असतो. मेंदूतल्या ज्या पेशींनी त्याचे ऐकायचे त्या दुसऱ्या डोळ्याकडे वळलेल्या असतात. मोठ्या मांजरावर असा परिणाम होत नाही. दृष्टीवरील एकूण संशोधनासाठी या दोघांना १९८१ चा नोबेल पुरस्कार मिळाला, आणि लहान मुलांचा जन्मजात मोतीबिंदू लवकर का काढावा हे डॉक्टरांना त्यातून नीट कळले. ते प्रयोग आज अनेकांना क्रूर वाटतात, आम्हालाही वाटतात. पण पिल्लाच्या डोळ्यावरची चिकटलेली पापणी एक आठवडाही तशीच का राहू देऊ नये, हे समजते ते त्याच ज्ञानामुळे.

असाच एक ठरावीक काळ माणसाची ओळख होण्याचा असतो. फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठातील आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात पिल्लांचे गट करून पाहिले. ज्यांना तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळले ती पुढे माणसाजवळ आपणहून येत, ज्यांना सातव्या आठवड्यापासून हाताळले ती कमी येत. रोज ४० मिनिटे हाताळलेली पिल्ले १५ मिनिटे हाताळलेल्यांपेक्षा अधिक माणसाळली. दुसरा ते सातवा आठवडा हा या दृष्टीने मोलाचा काळ मानला जातो. म्हणून घर मिळवून द्यायचे असेल तर पिल्लाला दूध पाजणे जितके गरजेचे तितकेच त्याच्याशी रोज खेळणे, वेगवेगळ्या माणसांच्या मांडीवर त्याला बसवणे, मिक्सरचा आणि शिट्टीचा आवाज ऐकू देणे गरजेचे. वर्गातल्या मुलांचा खरा उपयोग येथे होतो. पाचपाच जणांनी आळीपाळीने, जमिनीवर बसून.

उचलताना छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात घालावा. आई मानेला धरून उचलते म्हणून आपणही तसे करावे असे नाही. मार्जारन्यायाची उपमा आपल्याकडे जुनी आहे. मांजराचे पिल्लू माकडाच्या पिल्लासारखे आईला धरत नाही, ते स्वतःला आईच्या हवाली करते. मानेची कातडी धरली की अंग सैल पडते, पाय पोटाशी येतात, ही खरीच एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पण आईचे दात कुठे आणि किती दाबायचे हे जाणतात, आपली चिमूट जाणत नाही.

वाघाची मावशी शाकाहारी नाही

चौथ्या आठवड्यापासून बशीतून चाटायला शिकवावे आणि हळूहळू घट्ट अन्नावर आणावे. येथे दूधपोळी आणि दूधभाताची सवय आडवी येते. मांजर हे पक्के मांसाहारी जनावर आहे. गाजरातल्या कॅरोटीनपासून त्याला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही. टॉरीन नावाचे द्रव्य आपले शरीर तयार करते, मांजराचे पुरेसे करीत नाही. टॉरीनच्या अभावी मांजराचा दृष्टिपटल झिजतो हे हेज आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले, आणि हृदयाचे स्नायू दुबळे होऊन ते फुगते हे पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये. टॉरीन मांसात आणि माशांत असते, वनस्पतींत जवळजवळ नसते. ते पाण्यात विरघळते, म्हणून कोंबडी किंवा मासे शिजवलेले पाणी फेकू नये, काटे आणि हाडे काढून त्याच पाण्यात कालवून द्यावे. मीठमसाला नको, कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शाकाहारी घरांनी मांजरांसाठीचे तयार खाद्य आणावे. तेही चालत नसेल तर पिल्लू दुसऱ्या घरी सोपवणे अधिक प्रामाणिकपणाचे.

औषधांबाबत एकच सांगतो. आपल्या घरातली कोणतीही गोळी पिल्लाला देऊ नये. पॅरासिटामॉल निकामी करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फार दुबळी असते, त्यामुळे आपल्याला निरुपद्रवी असणारी मात्रा त्याचा जीव घेते. काळे फिनेल आणि कुत्र्यांसाठीची पिसवांची पावडर यांचेही तसेच. फरशीसाठी पाण्यात मिसळलेले ब्लीच वापरावे आणि ते पूर्ण वाळल्यावर पिल्ले सोडावीत.

आपली काळजीही घ्यायला हवी. चावा किंवा ओरखडा झाला तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरकडे जावे. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसेल असे धरून चालू नये. अंगावर गोल, केस गेलेले चट्टे असतील तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो, आणि तो मुलांना लागतो. मांजराच्या विष्ठेतील टोक्सोप्लाझ्मा हा जीव गर्भवती स्त्रीच्या गर्भाला अपाय करू शकतो. पण विष्ठा पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करणे हा साधा उपाय. तो गर्भवतीने करू नये.

घर देणे

आठ आठवड्यांचे, वजनात आठशे ते नऊशे ग्रॅमच्या घरात आलेले, स्वतः खाणारे आणि ट्रे वापरणारे पिल्लू द्यायला तयार असते. त्याआधी देऊ नये, घेणारा कितीही घाई करो. जंताचे औषध आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात तिहेरी लसीचा पहिला डोस झालेला असावा. हा डोस दर तीनचार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावा लागतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे रक्तात असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करतात. ती केव्हा संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

पिल्लू देताना सर्वांत कठीण वाटते ते देणे. मुले रडतात, मोठेही रडतात, आणि "हे एक ठेवून घेऊ" असा ठराव घरात बहुमताने मंजूर होतो. ठेवायला हरकत नाही. मात्र तीन मांजरे झालेल्या घरात चौथे पोरके पिल्लू आणता येत नाही, आणि पुढच्या महिन्यात जिन्याखाली ते सापडणारच असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात नटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्ले सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. आपल्या रस्त्यांवर चित्र याहून बरे असेल असे समजण्याचे कारण नाही.

घर निवडताना आम्ही चार गोष्टी विचारतो. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना जाळी आहे का, सुट्टीत गावी गेल्यावर कोण पाहणार, आणि शस्त्रक्रिया करणार का. शेवटचा प्रश्न टाळणाऱ्याला पिल्लू देत नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, साधारण ६३ ते ६५ दिवसांत सरासरी चार पिल्ले देते आणि त्यांना पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. वंध्यीकरणाशिवाय दिलेले एक पिल्लू म्हणजे वर्षभरात परत आलेले खोके. मांजरांची संख्या वाढली तर चिमण्या, सरडे, बुलबुलांची घरटी यांनाही त्याची किंमत मोजावी लागते, हेही विसरता येत नाही. नको झाले म्हणून पिल्लू बाजारात सोडून येणे आणि उपाशी मरू देणे हा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. हे पिल्लू घ्यायला येणाऱ्याला शांतपणे सांगून ठेवावे. दोन भावंडे एकत्र घेणारे घर मिळाले तर फार उत्तम, ती एकमेकांशी खेळतात आणि आपले पाय वाचतात.

पिल्लासोबत त्याच्या खोक्यातले न धुतलेले फडके द्यावे. नव्या घरात पहिले दोनतीन दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे, ट्रे आणि खाणे समोरासमोर पण लांब, आणि आठवडाभर खाणे तेच जे आपल्याकडे चालू होते. वजनाची वहीही सोबत द्यावी. तिच्या शेवटच्या पानावर पुढच्या लसीची तारीख आणि शस्त्रक्रियेचा महिना लिहिलेला असतो, आणि त्या महिन्यात आम्ही फोन करतो.